पाचवी ताटली

रियाध, ८ नोव्हेंबर २०२५

पंडित वहाब यांस,

रेखाचा नमस्कार आणि सलाम.

दिवाळीचं अत्तर पोचलं. दरवर्षी तू ऊद पाठवतोस आणि दरवर्षी मी ती चिमुकली बाटली नाकाशी धरून हॉस्पिटल, रियाध, वैभव, सगळं विसरते. यंदा झाकण काढलं आणि आतल्या खोलीतून वैभव ओरडला, "रॉकेल कुठून मिळालं तुला?" रॉकेल नाही, पण वार्निश नक्की आहे. तुला फसवणारा अत्तरवाला जिद्द्यात अजून जन्मला नाही, तेव्हा दोष तुझ्याच वयाकडे जातो. दाभोळच्या शाळेत संस्कृतात माझ्यावर एका मार्कानं मात केलीस, तेव्हाच मी म्हटलं होतं, याचं सगळं तेज लवकर खर्च होणार.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. वैभवनं ठरवलंय की जिद्द्याला यायचं आणि तुझ्या हॉटेलात जेवायचं. (रेस्टॉरंट म्हणायचं असतं, माहीत आहे.) नऊ पदार्थ, माणशी नऊशे रियाल. मी विचारलं, "यात मिळतं काय?" म्हणाला, "अनुभव." फोटो पाहिले. गाडीच्या चाकाएवढी ताटली आणि मधोमध अंगठ्याएवढं काहीतरी, जणू कुणाचं तरी खाऊन झालंय. त्यात पाचवा पदार्थ कच्ची सुरमई! दाभोळात कच्ची सुरमई मांजरं खात, आणि तीही फुकट.

तू तिथं इतकी वर्षं मासळी निवडतोस. म्हणून तुलाच विचारते, हे पैसे वसूल होतात का? मी पॅथॉलॉजिस्ट बाई, पुराव्याशिवाय मत देत नाही. आणि हातानं लिहून कागदाचा फोटो पाठवायची आपली रीत मोडू नकोस. फोनवर तू "बघू" म्हणून निसटतोस. कागदावर निसटता येत नाही.

तुझी,
रेखा


अल अझीझिया, जिद्दा, १४ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई रेखा,

सलाम. शरफुन्निसानंही सांगितलाय. सुहानानं "हाय आंटी" म्हटलंय, बारावीच्या अभ्यासातून तेवढीच सवड मिळाली.

अत्तराचं म्हणशील तर दुकानात बाटली बदलली असेल. सोडून दे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लोकांना वाटतं आपण चवीचे पैसे देतो. चव कशी असते हे त्यांना दुसऱ्या दिवशी विचार, सांगता येणार नाही. ते पैसे देतात निर्धास्तपणाचे. कच्ची सुरमई जिभेवर ठेवून माणूस डोळे मिटतो ना, ते भरवशानं मिटतो. हा मासा आपल्याला काही करणार नाही, ही काळजी कुणीतरी आधीच करून ठेवलेली आहे, असा तो भरवसा. ती काळजी करणारा माणूस पहाटे मासळीबाजारात उकिडवा बसून कल्ले उघडून बघत असतो. त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही, आणि ते बरंच आहे.

तरीही तू येऊ नकोस. म्हणजे जिद्द्याला ये, आमच्याकडे ये. शरफुन्निसा सांदणं करील, कोलंबीचा पुलाव करील. अठराशे रियालमध्ये दोघं दाभोळला जाऊन याल. वैभवला म्हणावं, अनुभव हवा असेल तर सुहानाला गणित शिकवून दाखव.

खरंच नको येऊ. तिथं मुंबईसारखं मोकळं बसता येत नाही, जेवण संपायला तीन तास लागतात, तुझ्या पाठीचं दुखणं आहे.

वहाब


रियाध, २० नोव्हेंबर

वहाब,

माझं पाठीचं दुखणं तीन वर्षांपूर्वी बरं झालं. याद्वारे तुला कळवण्यात येत आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिलं अर्धं सुंदर आहे, आपले संस्कृतचे अण्णासाहेब असते तर फळ्यावर लिहून घेतलं असतं. दुसरं अर्धं मात्र तुझं नाही. दहा वर्षं मला "एकदा येऊन तर बघ" म्हणणारा माणूस अचानक पुलावावर आला? मी खूप विचार केला आणि एकच कारण सापडलं. मी खुर्चीवर बसणार आणि तू मागच्या दारानं बर्फाच्या पेट्या आणणार, याची तुला लाज वाटते. का रे? मी दिवसभर लोकांचे बेडके आणि लघव्या बघते. आपल्यात लाजायचं काय?

असो. वैभवनं ११ डिसेंबरचं टेबल घेतलंय आणि पैसे आगाऊ भरलेत. ते परत मिळत नाहीत, हाही म्हणे अनुभवाचाच भाग. पुलाव दुसऱ्या दिवशी दुपारी खाऊ. शरफुन्निसाला सांग, मला कमी वाढलं तरी चालेल, पण ताटलीत मधोमध वाढू नये.

रेखा


अल अझीझिया, २८ नोव्हेंबर

रेखा,

लाज नाही. तसं मनात आणू नकोस.

एका सोबत्यासाठी विचारतोय. यूनुस नावाचा आहे, आमच्याच कामातला, आपल्या वयाचा. त्याला सप्टेंबरपासून कशाचाच वास येत नाही. सर्दी झाली नव्हती, ताप नव्हता. एक दिवस सकाळी चहा प्याला तर गरम पाणी प्यायल्यासारखं वाटलं, तेव्हापासून हे असंच आहे. तिखट, मीठ, आंबट कळतं. वास नाही. गेल्या आठवड्यात त्यानं चहाला आधण ठेवलं, ते उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. तो तिथंच शेजारी पेपर वाचत बसला होता. बायको नमाज संपवून आली आणि विझलेल्या शेगडीचं चालू बटण बघून किंचाळली. सगळ्या खिडक्या उघडल्या. बायकोला वाटलं त्याला डुलकी लागली असेल. त्यानं तसंच वाटू दिलं.

बिचारा घाबरलाय. डॉक्टरकडे जायला तयार नाही. म्हणतो, कागदावर एकदा लिहिलं गेलं की मालकापर्यंत, कफीलपर्यंत जाणार, नोकरी गेली की इकामा गेला, इथं राहायचा परवानाच गेला, पोरीचं वर्ष अर्ध्यात तुटणार.

हे आपोआप परत येतं का? काही थेंब वगैरे असतात का नाकात घालायचे?

वहाब


रियाध, १ डिसेंबर

वहाब,

यूनुसच्या बायकोचं नाव शरफुन्निसा आहे का?

ते ऊद आज पुन्हा उघडून पाहिलं. ते तू दुकानात नाकाला लावून घेतलं असशील, दरवर्षी घेतोस तसं. आणि हसून "वा" म्हटलं असशील.

मग सुरमई कोण हुंगतं, वहाब?

रेखा


अल अझीझिया, ५ डिसेंबर

रेखा,

हो. मीच.

आता सगळं लिहितो. कागदावर निसटता येत नाही, असं तूच म्हणाली होतीस.

मासा डोळ्यांनी कळतो, बोटांनी कळतो, पण शेवटचं मत नाकाचं. कच्चा वाढायचा असेल तर फक्त नाकाचं. बर्फातला मासा वास लपवतो, तो फक्त कल्ल्याच्या आत सापडतो. मी एकदा हात लावून पुढे पाठवला की किचनात परत कुणी कल्ला उघडत नाही. तौकीर, आमचा शेफ, कराचीचा आहे, भल्याभल्यांवर ओरडतो, पण माझ्या पेटीकडे बघत नाही. म्हणतो, "वहाब भाई ने देख लिया? ख़लास."

पहिले काही दिवस वाटलं, येईल परत. मग मी युक्ती काढली. बाजारातून थेट कामावर जायच्या ऐवजी गाडी घराकडे वळवतो. बर्फातली सुरमई वर आणतो आणि शरफुन्निसाच्या नाकाशी धरतो. "बघ गं, कशी आहे?" ती अर्धवट झोपेत असते. हुंगते आणि म्हणते, "छान हाय." मग मी निघतो. तिला काही सांगितलेलं नाही. आधी तिला वाटलं मला वेड लागलंय, आता सवय झाली. सुहाना म्हणते, "अब्बा, दिस इज नॉट नॉर्मल."

शरफुन्निसा हर्णैच्या मासेवाल्यांची लेक. तिचं नाक माझ्यापेक्षा तयार. म्हणून इतके दिवस स्वतःला समजावत होतो की माझं नाक घरी बसतं एवढाच फरक आहे.

पण गेल्या महिन्यात एका पाहुण्याचा फोन आला. जेवून घरी गेला, तोंड लालबुंद झालं, छातीत धडधडलं, तासाभरात उतरलं. तौकीर म्हणाला, दुसरं काही खाल्लं असेल. मी मान डोलावली. त्या दिवशीची सुरमई शरफुन्निसानं छान म्हटली होती. तरी तेव्हापासून मला झोप नाही. रोज संध्याकाळी जेवणं सुरू होतात तेव्हा मी फोन हातात घेऊन बसतो.

अण्णासाहेबांनी शिकवलं होतं ना, ज्याची भीती वाटते त्याची पंचमी विभक्ती. त्या पाचव्या ताटलीचं मला रोज तसंच होतं. अनोळखी माणसं खात होती तोवर मी कसाबसा तग धरला. आता तिथं तू बसणार आहेस.

पोटदुखीचं कारण सांग वैभवला. नको येऊ.

आणि हे नाकाचं काय असू शकतं, ते खरं सांग.

वहाब


रियाध, ६ डिसेंबर

प्रिय वहाब,

तुझं पत्र मिळालं.

वास जाण्याची कारणं पुष्कळ असतात. बहुधा जुन्या, लक्षात न आलेल्या सर्दीचा परिणाम असावा. काळजीचं कारण नाही. तरीही एकदा डोक्याचा एमआरआय करून घेणं योग्य ठरेल. रविवारी १४ तारखेला आमच्या ओळखीच्या केंद्रात तुझी वेळ घेतली आहे. तू रियाधला ये. तिथून कुणाच्या कंपनीला काही कळवलं जात नाही. शरफुन्निसाला सोबत आण. तिला सगळं सांग.

त्या पाहुण्याला जे झालं ते शिळ्या सुरमईनं होऊ शकतं. शिळ्या बांगड्यानंही होतं. नेहमी इतक्यावर थांबत नाही. एखाद्याचं हृदय आधीच कमजोर असेल तर थांबत नाही.

मी ११ तारखेला येणार आहे. नऊच्या नऊ पदार्थ खाणार आहे. जे अनोळखी माणसाला चालतं ते मला का चालू नये? तुझा शरफुन्निसाच्या नाकावर पूर्ण भरवसा असेल तर मी डोळे मिटून खाईन. नसेल तर काय करायचं ते तुला माहीत आहे. तो निर्णय मी तुझ्यासाठी घेणार नाही.

रेखा


रियाध, १२ डिसेंबर

वहाब,

तुझं उत्तर आलं नाही. फोन बंद. पुलावाचा बेत गुंडाळून आज सकाळच्याच विमानानं परत आलो, कारण तुझ्या दाराशी येऊन बेल वाजवायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून लिहिते.

काल टेबल खिडकीशी मिळालं. समोर समुद्र. वैभव खूश. पहिल्या चार ताटल्या आल्या आणि गेल्या, त्यात काय होतं ते मला आज शपथेवरही सांगता येणार नाही. एकात फेस होता. वैभव म्हणाला, "कसला नाजूक आहे!" मी म्हटलं, "हो." मी मोजत होते, पाचवी कधी येते.

घाबरले होते, वहाब. ते पत्र मोठ्या ताठ्यानं लिहिलं खरं. पण तिथं बसल्यावर वाटलं, ताटली समोर आली तर काय करू? खाल्लं आणि काही झालं तर वैभवला काय सांगू? नाही खाल्लं तर शेफ येऊन विचारणार, का नाही खाल्लं, मग तुझं नाव. शेजारच्या टेबलावर सत्तरीचे एक गृहस्थ होते, बायको त्यांना औषधाच्या गोळ्या काढून देत होती. मी सारखी त्यांच्याकडेच बघत होते.

मग पाचवी आली. काळी ताटली, थोडं तेल, लिंबाची एक फोड. सुरमई नव्हती. वाढणारी मुलगी हळूच म्हणाली, आज शेफना मासा पसंत पडला नाही, ही ताटली अशीच येईल.

पलीकडचा एक तरुण चिडला, इतके पैसे घेऊन रिकामी ताटली? औषधवाले आजोबा मात्र लिंबू चोखून हसले. मी नॅपकिन तोंडाशी धरला. वैभवला वाटलं मला समुद्र बघून भरून आलं.

निघताना त्या ताटलीचे पैसे त्यांनी आपणहून परत देऊ केले. मी ते घेतले नाहीत. वैभव म्हणाला, "तुला वेड लागलंय. काही न दिल्याचे पैसे?" त्याला कसं सांगू? नऊ ताटल्यांत तेवढी एकच वसूल झाली.

तू विचारशील म्हणून. बाकीच्या आठ नाही.

आता मला सांग तिकडे काय झालं. नोकरी आहे का? शरफुन्निसाला सांगितलंस का?

रेखा


अल अझीझिया, १३ डिसेंबर

रेखा,

फोन मीच बंद ठेवला होता. माफ कर.

तुझं पत्र वाचूनही मी ठरवलं होतं की सुरमई जाऊ द्यायची. हे तुला कळलं पाहिजे. तू कल्पना करतेस तितका मी धीराचा नाही. शरफुन्निसाच्या नाकावर माझा पूर्ण भरवसा होता. म्हटलं, बाजारातला उत्तम मासा घेईन, ती हुंगेल, रेखा जेवेल, खलास.

गुरुवारी पहाटे मासा वर आणला आणि तिला म्हटलं, "आज नीट बघ हां. आज रेखा खाणार आहे."

ती उठून बसली. म्हणाली, "मग आज तुमीच बगा नीट. माजं नाक महिनाभर चोंदलंय. एसीचं वारं बाधतंय."

मी म्हटलं, "महिनाभर? मग रोज छान हाय म्हणतेस ते?"

तर माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मीच काहीतरी वाईट बोललो. "तुमी आनलेल्या मासलीला मी कदी नाव ठेवलंय का?"

रेखा, तुला माहीत आहे आपल्याकडचं. घरच्यानं बाजारातून आणलेल्या मासळीला बायको नाव ठेवत नाही. आईनं कधी ठेवलं नाही, आजीनं नाही. नवरा विचारतो ते कौतुकासाठी, असंच तिला वाटलं. नाक चोंदायच्या आधी तरी हुंगत होती का, हे मी विचारलं. ती पांघरुणाची घडी घालू लागली. मी जिन्याच्या पायरीवर सुरमई मांडीवर घेऊन बसलो. बर्फ वितळून पायजमा भिजला तरी उठवेना. सप्टेंबरपासून मी कुणाच्याच नाकाच्या भरवशावर लोकांना जेवू घालत नव्हतो. त्या पाहुण्याचा लाल चेहरा मी कधी पाहिला नाही, पण जिन्यात तो समोर दिसत होता.

तिथून तौकीरकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही, ते जास्त वाईट. त्यानं स्वतः कल्ला उघडला, नाक लावलं. म्हणाला, "ये तो ताज़ा है, वहाब भाई." मला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात म्हणाला, "कल वाला? परसों वाला? उन का मैं क्या करूँ?" त्यानं ताजी सुरमईसुद्धा बाजूला ठेवली आणि सांगितलं, आज कच्चं काही जाणार नाही. मग त्या फोन करणाऱ्या पाहुण्याचा नंबर शोधून स्वतः फोन लावला, आणि माझ्यादेखत माफी मागितली. पाहुणा बरा आहे. शिव्या पुष्कळ दिल्या, त्या मला फोनबाहेर ऐकू आल्या.

मला म्हणाला, "जाँच करा के आओ. तब तक इस दरवाज़े से मछली तुम नहीं लाओगे." नोकरी आहे की गेली, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फेब्रुवारीत इकाम्याचं नूतनीकरण आहे. अल्ला जाणे.

शरफुन्निसाला त्याच दुपारी सांगितलं. आधी रडली, मग गॅसची गोष्ट आठवून माझ्यावर भडकली, मग पुन्हा रडली. सुहाना सगळं ऐकत दारात उभी होती, इंग्लिशमध्ये काही बोलली नाही.

काल जुम्म्याच्या नमाजानंतर मी घरासाठी दोन बांगडे आणले. सवयीनं. शरफुन्निसानं नाकात वाफ घेतली होती, चोंदलेलं मोकळं झालं होतं. एक बांगडा उचलला, कल्ला उघडला, बराच वेळ नाकाशी धरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "याला वास येतोय. फेका."

लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी फेकला. तुला सांगतो, त्या क्षणी मला जितकं बरं वाटलं तितकं सप्टेंबरपासून वाटलं नव्हतं.

उद्या सकाळच्या विमानानं दोघं येतोय. वैभवला विमानतळावर पाठवू नकोस, मेट्रोनं येऊ, शरफुन्निसाला बघायची आहे.

एक सांगायचं राहिलं. तुझं सहा तारखेचं पत्र. "काळजीचं कारण नाही" असं तू लिहिलंस. सबंध पत्रात एकही टोमणा नव्हता, एकही खाडाखोड नव्हती, आणि वर "प्रिय" लिहिलं होतंस. चाळीस वर्षांत तू मला कधी प्रिय लिहिलं नाहीस. तेव्हाच समजलो की तू माझ्यापेक्षा जास्त घाबरली आहेस.

म्हणून उद्याचं एक मागणं आहे. रिपोर्ट आधी तू वाचशील, ते मला चालेल. पण बाहेर येऊन मला सांगताना एखादा टोमणा मार. वयावर मार, संस्कृतच्या एका मार्कावर मार, कशावरही. नाही मारलास तर बाकीचं तुला सांगावं लागणार नाही.

वहाब